आधी रिंग, मग टर्बो

दोन दारे, मागच्या बाजूला उतरत गेलेले छप्पर आणि मुख्यतः पुढच्या दोघांचा विचार करून आखलेली बैठक, अशा बांधणीच्या मोटारीला कूपे म्हणतात. ‘कापलेली’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेले हे नाव मूळचे घोडागाडीचे आहे. मोठ्या बग्गीची एक बैठक कमी करून जी आखूड गाडी तयार झाली तिला ते मिळाले आणि पुढे मोटारीनेही ते उचलले. साऱ्या घरादारासाठी म्हणून गाडी घेण्याची रीत असलेल्या आपल्या देशात अशा गाड्या नेहमीच थोड्या राहिल्या, ज्या आल्या त्यांचे उत्पादन लवकर थांबले, सुटे भाग दुर्मीळ झाले, आणि म्हणूनच त्यांतली एखादी पुन्हा चालती करण्याचे काम बहुधा अधिकृत वर्कशॉपमध्ये न होता कुणाच्या तरी घरच्या पडवीत, आवडीपोटी होते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात तर याला दुसरा मार्गही नसतो. काळी नदीच्या खोऱ्यातला आणि दाट जंगलातला हा तालुका, सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाच्या नावावरून, पूर्वी सुपे तालुका म्हणून ओळखला जाई. रामनगर, जगलबेट, गणेशगुडी, कॅसलरॉक ही त्यातली गावे. येथे यंत्राचे मोठे काम निघाले की एक तर बेळगाव गाठावे लागते किंवा घाट उतरून गोवा.

या भागाला सर्वांत जवळचे उदाहरणही घाटाखालचेच आहे. १९९८ च्या सुमारास सॅन मोटर्सने गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी स्पोर्ट्स कार तयार करायला घेतली. काटेकोर बोलायचे तर ती कूपे नव्हे, खुल्या टपाची गाडी. पण दोन दारे, आखूड बांधा, हलके वजन आणि दोघांपुरती जागा ही कूपेची बाकीची वैशिष्ट्ये तिच्यात होती आणि घरगुती पुनर्बांधणीचे प्रश्नही तेच उभे राहतात. तिचे शरीर फायबरग्लासचे, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचे जाळे रेझिनमध्ये भिजवून घडवलेले, आणि इंजिन रेनॉ कंपनीचे ११४९ घनसेंटिमीटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे होते. घनसेंटिमीटरचा हा आकडा येतो तो सिलिंडरच्या मापावरून: ६९ मिलिमीटर व्यासाच्या चार सिलिंडरांत पिस्टन प्रत्येकी ७६.८ मिलिमीटर वरखाली होतो आणि त्या चार पोकळ्यांचा एकूण घनफळाचा हिशेब ११४९ भरतो. इंजिन एका वेळी किती हवा घेऊ शकेल हे त्या आकड्याने ठरते, आणि टर्बोचा सारा विषय या हवेपाशीच सुरू होतो.

पेट्रोल जाळायला हवा लागते, आणि ती ठरावीक प्रमाणात लागते: वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा. अधिक ताकद हवी असेल तर अधिक पेट्रोल जाळावे लागेल, आणि त्यासाठी त्याच पोकळीत अधिक हवा कोंबावी लागेल. साधे इंजिन हवा स्वतः ओढून घेते, त्यामुळे वातावरणाच्या दाबापलीकडे ते जाऊ शकत नाही. जोयडा तालुक्याच्या पठारी भागात समुद्रसपाटीपासूनची उंची पाचशे ते सहाशे मीटरांच्या आसपास असल्याने हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो, आणि कारवारला ६० अश्वशक्ती देणारे इंजिन घाट चढून वर आले की जवळपास चार अश्वशक्तींना मुकते. टर्बोचार्जर हीच तूट भरून काढतो आणि पुढे जातो. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रे असतात. एक चक्र सायलेन्सरकडे निघालेल्या तप्त धुराच्या झोताने फिरते आणि दुसरे चक्र त्याच दांड्यावर असल्याने त्याच वेगाने फिरून बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. तिचे सामर्थ्य जगापुढे आले ते डोंगरावरच: १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचे इंजिन अमेरिकेतील पाइक्स पीकच्या सुमारे ४३०० मीटर उंचीच्या माथ्यावर नेले, तेव्हा समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन तिथे २३० वर घसरले आणि टर्बो जोडताच ३५६ वर आले. मोटारीत टर्बो आला तो १९६२ साली, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्वेअर या अमेरिकन गाड्यांमधून.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे उदाहरण परदेशात शोधायची गरज नाही. पुण्याजवळ रांजणगावला तयार झालेल्या फियाट लिनिया गाडीचे १३६८ घनसेंटिमीटरचे साधे पेट्रोल इंजिन सुमारे ९० अश्वशक्ती देई. त्याच घनफळाच्या इंजिनाला टर्बो लावून २०१० साली आलेली लिनिया टी-जेट ११४ पर्यंत गेली, आणि २०१५ ची अबार्थ पुंतो १४५ पर्यंत. मात्र या तीन आकड्यांच्या मागे एक चौथा आकडा आहे आणि घरी टर्बो लावू पाहणाऱ्याच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. साध्या इंजिनाचे कॉम्प्रेशन गुणोत्तर, म्हणजे पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचे मिश्रण किती पट आक्रसते ते प्रमाण, सुमारे ११ होते. टर्बोच्या इंजिनात ते ९.८ वर आणले गेले. सॅन स्टॉर्मच्या इंजिनाबाबतही असेच घडलेले आहे. रेनॉने २००७ साली त्याच घराण्यातल्या, त्याच व्यासाच्या आणि पिस्टनच्या त्याच धावेच्या, पण दर सिलिंडरला दोनाऐवजी चार व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाला टर्बो जोडून ट्विंगो जीटीत १०० अश्वशक्ती मिळवली. साठाचे शंभर होऊ शकतात हे यावरून सिद्ध होते खरे, पण ते करताना कारखान्याने नुसता टर्बो वरून बसवला नव्हता. पिस्टन, हेड, इंधनाचा पुरवठा, तेलाचे मार्ग आणि नियंत्रणाचा संगणक असा सगळा मेळ नव्याने बसवला होता. टर्बो हा थकलेल्या इंजिनावरचा इलाज नव्हे, हे या विषयातले पहिले आणि बहुतेकांना शेवटी कळणारे सत्य आहे.

म्हणून काम सुरू होते ते इंजिन उघडण्यापूर्वीच्या एका तपासणीपासून. इंजिन गरम करून, सर्व स्पार्क प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्लगच्या जागी दाब मोजणारा गेज बसवतात आणि स्टार्टरने इंजिन काही वेळा फिरवतात. सुस्थितीतल्या पेट्रोल इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर साधारण १५० ते १८० पीएसआय दाब दाखवतो आणि चौघांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक फरक नसतो. एखादा सिलिंडर मागे पडला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हा मोजावे: दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजवल्या, वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट फुटलेले आहे. चमचाभर तेलाची ही परीक्षा जुने मिस्त्री पूर्वापार करत आले आहेत, आणि तिच्याइतके स्पष्ट उत्तर फार थोड्या परीक्षा देतात.

खोलण्याच्या कामात कौशल्यापेक्षा शिस्त अधिक लागते. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक वॉशर कुठून निघाला हे त्या क्षणी कितीही स्पष्ट वाटले तरी दोन महिन्यांनी आठवत नाही; त्यामुळे प्रत्येक जोडाचे छायाचित्र, प्रत्येक भागाची वेगळी पिशवी आणि तिच्यावर चिठ्ठी, हे केलेच पाहिजे. बेअरिंगच्या टोप्या आणि व्हॉल्व्ह ज्या जागेवरून निघाले त्याच जागी परत गेले पाहिजेत, कारण वर्षानुवर्षांच्या झिजेने ते आपापल्या जागेशी जुळलेले असतात. सिलिंडरचा व्यास वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, उभ्या-आडव्या दोन दिशांनी मोजतात, कारण सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे उष्णता आणि दाब सर्वाधिक असतो, तिथे तो अधिक रुंद होतो आणि हळूहळू गोलाईही सोडतो. ही माप घेण्याची कामे घरी होतात. बोअर वाढवणे, होनिंग म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर तेल धरून ठेवणारी तिरप्या रेघांची जाळी काढणे, क्रँक घासून गोल करणे आणि हेडचा पृष्ठभाग सपाट करणे, ही कामे मात्र मशीन शॉपचीच आहेत.

जोयड्याच्या माणसासाठी ते मशीन शॉप बहुधा बेळगावातले असते, आणि ते योग्यही आहे, कारण ओतकाम आणि यंत्रकामाची या शहराची परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढून आपल्या उद्योगाची सुरुवात केली ती बेळगावातच. १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. या पट्ट्यात स्वतःच्या हिकमतीवर यंत्र उभे करणारी माणसे पुढेही होत राहिली: इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकात ‘मीरा’ ही छोटी मोटार स्वतः घडवायला घेतली आणि पुढची कित्येक वर्षे तिच्या एकामागून एक सुधारित आवृत्त्या बांधल्या. आज बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारागिराकडे ६९ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरांचा ब्लॉक घेऊन जाणारा तरुण त्याच वाटेने चाललेला असतो.

बेळगावहून ब्लॉक परत आला की खरी परीक्षा सुरू होते, आणि तिचे सर्वांत नाजूक क्षेत्र म्हणजे रिंगेची फट. पिस्टनच्या खाचेत बसणारी रिंग ही पूर्ण वर्तुळ नसते. तिला एका जागी चीर असते, म्हणजे तापल्यावर प्रसरण पावायला जागा राहते. नवी रिंग सिलिंडरमध्ये हाताने घालून, पिस्टन उलटा धरून त्याच्या माथ्याने ती समपातळीत खाली ढकलतात, आणि फिलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पट्ट्यांची, एकेक पट्टी त्या चिरेत सरकवून पाहतात. साध्या इंजिनासाठी रूढ ठोकताळा व्यासाच्या हजाराव्या भागाच्या चौपट इतक्या फटीचा आहे. ६९ मिलिमीटरच्या सिलिंडरला ती सुमारे ०.२८ मिलिमीटर येते, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाच्या तीन पानांच्या जाडीइतकी. टर्बो लावायचा असेल तर हीच फट ०.३५ ते ०.४ मिलिमीटर ठेवावी लागते, म्हणजे आणखी एका पानाइतकी. हा एका पानाचा फरक फार मोलाचा आहे. टर्बोमुळे वाढलेल्या उष्णतेत रिंग अधिक लांब होते; फट अपुरी असेल तर तिची दोन टोके एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरच्या भिंतीत रुतते, पिस्टनचा वरचा काठ तुटून निघतो आणि महिन्याभराचे काम काही सेकंदांत संपते. त्यामुळे रिंग बारीक कानशीने, एकाच दिशेने, दोन-तीन हात फिरवून पुन्हा मोजायची. फट वाढवता येते, कमी करता येत नाही. पिस्टनमागे दोन याप्रमाणे आठ कॉम्प्रेशन रिंगा अशा जुळवायला एक अख्खी दुपार जाते, आणि ती खुशाल जाऊ द्यावी.

येथे जोयड्याच्या हवामानाचा एक मुद्दा येतो. जून ते सप्टेंबर या काळात या तालुक्यात पाऊस आणि दमट हवा अशी असते की नुकताच होन केलेला, तेल न लावलेला सिलिंडर एका रात्रीत तांबूस गंजाने झाकला जातो. मशीन शॉपमधून ब्लॉक घेताना तो तेलाने माखून, प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच आणावा आणि शक्यतो बांधणीचे काम दिवाळीनंतर काढावे. उन्हाळ्याची अडचण वेगळी आहे. जांभ्याची तांबडी धूळ इतकी बारीक असते की सुमार एअर फिल्टरमधून ती सहज निसटते, आणि मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्यांनी फिरणाऱ्या टर्बोच्या पात्यांवर ती पॉलिश कागदासारखे काम करते. फायबरच्या शरीराला गंज चढत नाही हे खरे, पण त्याखालच्या लोखंडी सांगाड्याला चढतो, आणि तो डोळ्यांआड असल्याने अधिक घातक ठरतो; सांगाडा जोडाजोडाने खरवडून तपासल्याशिवाय इंजिनावर एक रुपयाही खर्च करू नये.

टर्बोने निर्माण होणारी मुख्य अडचण उष्णतेची आहे. हवा दाबली की तापते. तीस अंश सेल्सिअसची हवा वातावरणाच्या दीडपट दाबापर्यंत, म्हणजे सुमारे अर्धा बार अधिक, दाबली तर सामान्य कार्यक्षमतेच्या टर्बोतून ती ८५ ते ९० अंशांनी बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे दाबून मिळवलेला फायदा अंशतः वाया जातो; त्याहून वाईट म्हणजे असे मिश्रण स्पार्कने पेटलेली ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता सिलिंडरच्या एखाद्या कोपऱ्यात आपोआप पेट घेते. याला नॉकिंग म्हणतात आणि इंजिनातून येणारा खडखडाट ही त्याची खूण असते. दाब देताना चाललेले नॉकिंग पिस्टनला भोक पाडू शकते. कॉम्प्रेशन गुणोत्तर कमी करणे, टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर, म्हणजे हवा थंड करणारा रेडिएटर, बसवणे, स्पार्कची वेळ मागे घेणे आणि जादा पेट्रोल देऊन मिश्रण साडेअकरा-बारास एक या प्रमाणापर्यंत दाट करणे हे त्यावरचे उपाय आहेत, आणि ते सगळे एकत्रच करावे लागतात. मूळ इंजेक्टर आणि मूळ संगणक साठ अश्वशक्तीच्या हिशेबाने आखलेले असल्याने त्यांच्याकडून हे होत नाही. मोठे इंजेक्टर, पुरेसा पंप, जुळवता येणारा संगणक आणि धुरातला ऑक्सिजन अचूक मोजणारा वाइडबँड सेन्सर यांचा खर्च टर्बोच्या खर्चाहून बहुधा अधिक होतो. शिवाय आता देशभर मिळणारे पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचे आहे. इथेनॉल नॉकिंगला चांगला प्रतिकार करते, पण १९९० च्या दशकातल्या रबरी नळ्या आणि सील ते खराब करते, म्हणून टाकीपासून इंजेक्टरपर्यंतची प्रत्येक नळी बदलणे आवश्यक ठरते.

तेलाकडे मात्र सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि घरगुती टर्बो त्यामुळेच वारंवार मरतात. टर्बोचा दांडा बेअरिंगमध्ये धातूवर टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. हे तेल वरून दाबाने येते, पण खाली उतरते ते केवळ आपल्या वजनाने. त्यामुळे परतीची नळी जाड, उभी आणि संपमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रातल्या, तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. नळी आडवी गेली किंवा तिला वळसा पडला की तेल टर्बोतच तुंबते, सीलमधून झिरपते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. मग दोष टर्बोला दिला जातो, नळी तशीच राहते. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल थांबून करपत नाही. ट्रकचालक हा नियम पाळताना दिसतात. मोटारवाल्यांनी तो त्यांच्याकडून शिकण्यासारखा आहे.

ब्रेक, क्लच आणि टायर यांच्याविषयी एवढेच सांगणे पुरेसे आहे की जी गाडी साठ अश्वशक्तीसाठी थांबायला शिकवलेली आहे ती शंभरासाठी आपोआप थांबत नाही, म्हणून त्यांचे काम टर्बोच्या आधी पूर्ण व्हावे.

कायद्याचा प्रश्न मात्र थोडक्यात आटोपता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात ही गोष्ट निःसंदिग्ध केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. इंजिनाची पुनर्बांधणी, म्हणजे मूळ मापांच्या मर्यादेत नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंग घालणे, ही दुरुस्ती आहे आणि तिला कोणाची हरकत नाही. खासगी गाडीच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनी नूतनीकरण करताना योग्यतेची तपासणी होते आणि नीट बांधलेले मूळ इंजिन त्या तपासणीला निर्भयपणे सामोरे जाते. टर्बो लावलेली तीच गाडी सार्वजनिक रस्त्यावर बेकायदा ठरते, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाईही धोक्यात येते. या तालुक्याच्या बाबतीत आणखी एक भान ठेवायला हवे: येथले कित्येक रस्ते काळी व्याघ्र प्रकल्पातून आणि त्याच्या कडेने जातात, आणि संध्याकाळी रस्ता ओलांडणाऱ्या गव्याला वळणामागून येणाऱ्या गाडीची अश्वशक्ती माहीत नसते. टर्बोची गाडी ट्रेलरवर चढवून कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या बंदिस्त ट्रॅकवर न्यावी. तिची जागा तिथे आहे.

या साऱ्याचा विचार करता जोयड्यासारख्या ठिकाणी घरी हे काम हाती घेणाऱ्याने ते दोन टप्प्यांत करणे शहाणपणाचे आहे. पहिल्या टप्प्यात सांगाडा, ब्रेक आणि इंजिन मूळ मापांवर आणावे, नव्या रिंगा सिलिंडरशी जुळेपर्यंत पहिले हजारभर किलोमीटर इंजिनावर ताण न देता गाडी चालवावी, त्यानंतर तेल बदलून पुन्हा दाब मोजावा आणि चारही सिलिंडरांचे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. दुसऱ्या टप्प्याचा विचार ते आकडे सारखे आले तर आणि गाडी ट्रॅकसाठीच ठेवायची असेल तरच करावा. टर्बोची किंमत विचारायला बाजारात फोन लावण्यापूर्वी एक साधा कॉम्प्रेशन गेज विकत घ्यावा आणि पहिला रविवार त्याच्यासाठी राखून ठेवावा.